जागची कालवं

शुक्रवारी सकाळी साडेआठला व्हॅलेन्सिया गोराईच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत छिन्नी, हातोडी, टॉर्च, मोजपट्टी, मामीसाठी दोन किलो मैदा आणि एका कागदाची घडी होती. कागदावर एकच प्रश्न होता. तिच्या शोधनिबंधाच्या परीक्षकाने तो विचारला होता आणि उत्तराची मुदत सोमवारची होती.

‘विहिरीतल्या शिंपल्या जागच्याच आहेत, हे कशावरून?’

व्हॅलेन्सिया एकतीस वर्षांची. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत ती इमारतींच्या पायाखालची माती तपासायची नोकरी करते. उरलेल्या वेळात, म्हणजे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, गेली पाच वर्षं तिची पीएच.डी. चालली आहे. चार हजार वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्याला समुद्र आजच्यापेक्षा किती वर होता, हा तिचा विषय. किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे दगड, खाडीतला चिखल, त्यात अडकलेले जुने जीव हे तिचे साक्षीदार. त्यातला सगळ्यांत भक्कम साक्षीदार तिला तिच्याच आजोळी, गोराईतल्या खारवाडा पाखाडीत, म्हणजे एका छोट्या वस्तीत, अँब्रोजमामाच्या विहिरीत सापडला होता.

मागच्या मे महिन्यात त्या विहिरीच्या बांधकामातला एक दगड निसटून खाली पडला. त्या भोकातून मागे गच्च शिंपल्या दिसल्या. तिने नमुना काढला, वय काढायला पाठवला. उत्तर आलं, तीन हजार नऊशे वर्षं. उंची मोजली. आजच्या भरतीच्या हिशेबाने समुद्र दोन मीटर दहा सेंटिमीटर वर असल्याशिवाय तिथे शिंपल्यांचा किनारा साचणं शक्य नव्हतं. तिच्या सगळ्या प्रबंधाचा डोलारा या एका आकड्यावर उभा होता.

आणि ती विहीर आज दुपारी आतून सिमेंटने बंद होणार होती.

कारण घरात लग्न. मामाची धाकटी, शर्ली, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाला उभी राहणार होती. आदल्या संध्याकाळी, शनिवारी, उंबराचं पाणी. बँड लावून, लुगडी नेसून बायका विहिरीवर जातात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पाखाडीतल्या चार घरांत अजून विहीर होती, पण तीन घरांनी ती जाळी टाकून झाकली होती. मामाने हट्टाने आपली उघडी ठेवली होती. लग्नाआधी ती उपसायची, गाळ काढायचा, आणि यंदा सुटत चाललेल्या दगडांना आतून प्लास्टर मारायचं, असं त्याने ठरवलं होतं.

अंगणात मांडवाचे बांबू उभे होते. कॉन्सेप्टामामी परातीत फुग्यांचं, म्हणजे लग्नात तळायच्या गोल पावांचं, पीठ फेटत बसली होती.

“आली का आमची विहिरीतली बाय,” मामी म्हणाली. “हळदीला बोलावलं तर सुट्टी नाही, आणि गाळ काढायला बरी मिळते सुट्टी.”

“मामी, फोटो काढते आणि येतेच. अर्धा तास.”

“तुझा अर्धा तास मला माहीत आहे. मैदा इकडे दे आधी.”

खिडकीतून शर्ली ओरडली, “ए व्हॅल! लग्न माझं आहे, आणि सगळ्यांचं लक्ष विहिरीकडे! वर येऊन माझा ब्लाउज बघ ना यार!”

“येते गं!”

विहिरीवर पंप धडधडत होता. तळाशी सीताराम गवंडी गुडघाभर गाळात उभा राहून घमेलं भरत होता. सीताराम दहिसरचा. मूळचा मालवणकडला, आणि पाखाडीतली अर्धी बांधकामं त्याच्या हातची. मामा काठावर बसून त्याला सूचना देत होता. मामा सत्तरीचा, पण आवाज खाडीपलीकडे जाईल असा.

“सीताराम, त्या भोकात नुसता माल भरू नकोस. आत सगळ्या शिंपल्या आहेत. सिमेंट पिऊन टाकतील. आधी दगड बसव, मग माल.”

“मामानु, माका सांगूक नको. मागल्या वर्साक बघलंय मी.”

“नाही बघितलंस. तू एक भोक बघितलंस. सगळीकडून आहेत. वरपासून खालपर्यंत, गोल. माझ्या आज्याने भरून घेतल्यात.”

व्हॅलेन्सिया शिडीला हात लावून उभी होती. तिने हात काढून घेतला.

“मामा, काय म्हणालास?”

“काय?”

“शिंपल्या कुणी भरल्या?”

“आज्याने. बांधताना. दगड रचायचा आणि मागे हातभर जागा सोडायची, त्यात शिंपल्या. पाणी गाळून येतं. आपल्याकडे सगळ्या जुन्या विहिरी अशाच. तुला माहीत नाही?”

तिला माहीत नव्हतं. या विहिरीच्या काठावर तिने लहानपणी दात घासले होते. कुठला दगड हलतो, कुठल्या फटीत खेकडा राहतो हे तिला पाठ होतं. म्हणूनच ती कोणी आणि कशी बांधली, हे विचारावं असं तिला कधी वाटलंच नाही. परक्या गावात गेली असती तर तिने तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारला असता. मालाड, मढ, एरंगळ, सगळीकडे विचारला होता.

“कुठून आणल्या?”

“बंदरापलीकडे एक जुनी शिंपल्यांची भर होती. खणून, होडीतून. आणि नुसत्या नाही हां आणायच्या. चाळून! बारीक शिंपली पाण्यात उतरते, कळशीत येते. माझा बाप सांगायचा, चाळता चाळता त्याच्या हाताची सालं निघायची.”

व्हॅलेन्सियाने पिशवीतून मागच्या वर्षीची वही काढली. पान तिला शोधावं लागलं नाही. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बारीक शिंपल्या अजिबात नाहीत. लाटांचा जोर फार असावा.’ त्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. निबंधात या वाक्याचा एक अख्खा परिच्छेद झाला होता.

लाटा नव्हत्याच. मामाच्या बापाची चाळण होती.

वयात चूक नव्हती. शिंपल्या खरोखरच तीन हजार नऊशे वर्षांच्या होत्या. फक्त त्या इथल्या नव्हत्या. दुसऱ्या जागेहून उचलून आणलेल्या वस्तूची उंची मोजून तिने समुद्राची उंची सांगितली होती. एका दगडाएवढ्या भोकातून जे दिसलं, त्याला तिने थर म्हटलं होतं.

ती मांडवाच्या मागे गेली आणि अनुपमाबाईंना फोन लावला. अनुपमाबाई तिच्या मार्गदर्शक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“झालं तुझं?” त्या म्हणाल्या. “आता ऐक. दोन मीटर दहा गेलं. ते सोमवारी मागे घ्यायचं, त्यात चर्चा नाही. त्या जागी काही नसेल तर निबंध गेला, आणि प्रबंध वर्षभर पुढे. हेही कळतंय ना तुला?”

“हो, मॅडम.”

“शिंपल्यांच्या मागे काय आहे?”

“मूळची जमीन असणार. खाली काळा पत्थर आहे, त्याच्यावर चिखल. पण ते कुणी बघितलेलं नाही.”

“आणि विहीर कधी बंद होणार म्हणालीस?”

“आज. दुपारी.”

“मग मला फोन कशाला करतेस? खाली उतर.”

खाली उतरण्याआधी मामाला विचारणं भाग होतं. मामाने तिचं बोलणं पुरतं होऊच दिलं नाही.

“दगड काढायचा? उद्या पाणी भरायचंय इथे! एक दगड काढलास की वरचा येतो, वरच्याबरोबर त्याच्या वरचा. पाखाडीत काय सांगू? आमच्या भाचीने विहीर पाडली, आता नळाच्या पाण्याने न्हा?”

“मामा, नाहीतरी प्लास्टर होणारच आहे. काढलेला दगड सीताराम लगेच बसवेल.”

“आणि तुझे ते दोन मीटर? गेल्या वर्षी तूच सांगितलंस ना? मी धक्क्याजवळच्या होडीच्या खोपटावर निळी रेघ मारलीय. समुद्र इथे होता म्हणून. फादरना नेऊन दाखवली. आता म्हणतेस ते खोटं?”

“ते चुकलं, मामा. मी चुकले. खरं किती ते बघायचंय, आणि ते आजच बघता येईल. प्लास्टर मारलं की संपलं.”

मामा तिच्याकडे न बघता सीतारामकडे बघत राहिला. मामी पिठाच्या हातांनी तशीच उठून आली होती. तिने काठावरून आत वाकून पाहिलं.

“सीताराम, दोन दगड काढले तर विहीर पडेल?”

“तळाचो दगड काढूक गावाचो नाय, मामीनु. तेच्यावर सगळी रांग हा. तेच्या वरचे दोन निघतीत. वरच्याक लाकडाचो टेकू देतंय. पन बारा वाजेपर्यंत. पाणी झिरपूक लागलाहा. चारपर्यंत परत भरतला, मगे प्लास्टर कसला करतंय?”

“दोन दगड,” मामी व्हॅलेन्सियाला म्हणाली. “तिसऱ्याला हात लावायचा नाही. आणि बारा म्हणजे बारा.”

“कॉन्सेप्टा, विहीर माझी आहे,” मामा म्हणाला.

“मुलगी माझी आहे. पाणी तिच्यासाठी भरायचंय, तुझ्या फादरसाठी नाही.”

दहा वाजून वीस मिनिटांनी व्हॅलेन्सिया शिडीवरून उतरली. विहिरीची खालची अंगं काळ्या पत्थरात कोरलेली होती, त्यांना बांधकाम नव्हतं. जिथे पत्थर संपत येतो तिथे एक कंगोरा होता, आणि बांधकामाची पहिली रांग त्यावर बसलेली होती. सीतारामने दुसऱ्या रांगेतले दोन दगड निवडले, वरच्या दगडाखाली सागाचे दोन तुकडे ठोकले आणि पहारीने सांधा मोकळा केला. पहिला दगड यायला वीस मिनिटं लागली. दुसरा त्याच्यामागून सहज आला.

त्याबरोबर शिंपल्या वाहू लागल्या. तांदळाचं पोतं फाटावं तशा त्या भोकातून सळसळत तळाशी पडत राहिल्या. तिसऱ्यांच्या, खुब्यांच्या शिंपल्या, सगळ्या बोटाच्या पेरापेक्षा मोठ्या, सगळ्या सुट्या, एकही जोडी नाही. व्हॅलेन्सियाने मूठभर उचलून पिशवीत भरल्या आणि वर लिहिलं, ‘भराव.’ हा शब्द तिने मागच्या वर्षी लिहायला हवा होता.

भोक मोकळं झाल्यावर तिने टॉर्च मारला. हातभर आत काळा पत्थर दिसला. त्याच्यावर पहारीचे तिरके घाव होते. विहीर खणणाऱ्यांनीच तो तासला होता. कालव नाही, शिंपली नाही, काहीही नाही.

“काय दिसता, ताईनु?”

“नुसता दगड.”

“मगे बसवू?”

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने पुन्हा टॉर्च फिरवला. पहारीचे घाव भोकाच्या वरच्या काठाकडे जाता जाता विरळ होत होते. पत्थर तिथे मागे कलत होता आणि त्याच्यावर राखी चिखल चढलेला होता. म्हणजे वरचा भाग कुणी तासलेला नव्हता. तो दिसण्यासाठी वरचा दगड काढायला हवा होता, म्हणजे तिसरा.

तिने तिसऱ्या दगडाकडे पाहिलं, टेकूकडे पाहिलं, आणि बाही खांद्यापर्यंत वर केली.

“ताईनु, हात आत घालू नको. काय असतला काय नाय.”

तिने गाल ओल्या दगडाला टेकवला आणि हात आत घालून वर वळवला. आधी गुळगुळीत घाव लागले. मग खडबडीत पत्थर. मग बोटांना काहीतरी चावलं. तिने हात मागे घेतला नाही. धारदार कडा होत्या, एकीवर एक चढलेल्या, वेड्यावाकड्या. तिने एक कडा दोन बोटांत धरून जोर लावून हलवली. ती हलली नाही.

“सीताराम, माझा मोबाइल द्या. आणि छोटी छिन्नी.”

मोबाइल आत धरून तिने आठ फोटो काढले. सहा नुसते काळे आले. सातव्यात दिसलं ते तिने अंगठा-बोटाने मोठं केलं. काळ्या पत्थराला चिकटलेली कालवं होती, पंधरा-वीस. काहींची वरची झाकणं अजून बंद होती. मोठ्यांच्या पाठीवर नखाएवढी पिल्लं बसलेली होती. कडेची कालवं राखी चिखलाच्या खाली शिरत होती, आणि चिखल कुणी उकरलेला नव्हता. चाळून आणलेल्या कुठल्याही शिंपल्यांत अशी पिल्लं उरली नसती.

छिन्नीने तिने मुठीएवढा एक तुकडा सोडवला. पत्थर, त्याला घट्ट धरून बसलेली दोन कालवं, त्यांच्यावर तीन पिल्लं. तो तिने टोपलीत ठेवला आणि वर ओढायला सांगितला.

“मामी! बघ ना हे काय आहे?”

मामीचं माहेर खाडीच्या काठावरचं. लग्नाआधी ओहोटीला ती आईबरोबर कालवं काढायला जायची. तिने तुकडा हातात फिरवला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“हे कुणी काढलेलं नाही,” ती वरून म्हणाली. “काढलेल्या कालवाला कोयतीचा टवका बसतो, इथे बिजागरीकडे. हे जिवंत होतं तसंच मेलंय. आणि कालव कुणी आणून दगडाला परत चिकटवतं का गं?”

“नाही चिकटवत, मामी.”

“मग झालं. पावणेबारा वाजले.”

मोजायचं राहिलं होतं. विहिरीपासून बारा पावलांवर पाखाडीचा क्रूस होता आणि त्याच्या चौथऱ्यावर तिने मागच्या वर्षी मापाची खूण केली होती. आज खाडीच्या खडकावर जिवंत कालवं ज्या उंचीपर्यंत वाढतात, ती रेघ त्या खुणेच्या खाली तीन मीटर चौऱ्याण्णव होती. कालव भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात वाढतं. त्याच्या वर सुकून मरतं. जुनी रेघ आणि आजची रेघ यांतलं अंतर म्हणजे समुद्राच्या उंचीतलं अंतर.

सीतारामने आपली पाण्याची पारदर्शक नळी आणली. एक टोक क्रूसाशी मामाने धरलं, दुसरं विहिरीच्या काठाशी सीतारामने. पाणी दोन्हीकडे थांबलं तिथे खूण झाली. तिथून त्याने सोडलेली मोजपट्टी तिने खाली धरली. काढलेल्या दगडाच्या बैठकीपर्यंत दोन मीटर अठ्ठ्याण्णव. मग लोखंडी फूटपट्टी आत उभी धरून बोटाने चाचपलं. कालवं सोळा सेंटिमीटरवर संपत होती. त्याच्या वर चार बोटं कोरा पत्थर, आणि मग चिखल. तिने तीनदा मोजलं. पंधरा, सोळा, सोळा.

तीन मीटर चौऱ्याण्णव उणे दोन मीटर ब्याऐंशी.

“मामा! एक मीटर बारा!”

“काय एक मीटर बारा?”

“समुद्र!”

मामाने काठावरून आत डोकावलं.

“निम्मा?” मामा म्हणाला.

“निम्म्याहून थोडा जास्त.”

“फादरना काय सांगू मी आता?”

“बाराक दोन मिन्टां,” सीताराम शिडीवरून उतरत म्हणाला आणि त्याने पहार उचलली.

दोन्ही दगड परत बसले. साडेतीनपर्यंत प्लास्टर झालं. काठावर बसून व्हॅलेन्सियाने वहीत सगळं लिहून काढलं. डाव्या हाताने, कारण उजव्याची तीन बोटं मामीने हळद लावून, फडक्याने बांधून ठेवली होती. शर्लीने ती बोटं बघून कपाळावर हात मारला. “लग्नाच्या सगळ्या फोटोत पट्टी दिसणार! झकास.”

त्याच संध्याकाळी तिने परीक्षकाला उत्तर लिहिलं. सोमवारची वाट पाहिली नाही. शिंपल्या जागच्या नव्हत्या, आपला प्रश्न योग्य होता, हे पहिलं वाक्य. दोन मीटर दहा हा आकडा मी मागे घेते, हे दुसरं. त्यानंतर कालवं, फोटो, मोजमापं. आणि शेवटी हेही लिहिलं की या कालवांचं वय अजून काढलेलं नाही. नमुना पाठवला की उत्तर यायला दोन महिने लागतात. वय हाती येईपर्यंत समुद्र नेमका कधी तिथे होता, हे मी सांगू शकत नाही. निबंध परत येण्याची शक्यता बरीच होती. ते वाक्य लिहिताना तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला, पण तिने ते काढलं नाही.

मसुदा तिने आधी अनुपमाबाईंना पाठवला. त्यांचा निरोप अर्ध्या तासात आला. ‘वाचलं. पाठव. लग्नात फुगे खा.’

शनिवारी सकाळी मामा घरात दिसेना. मामी म्हणाली, “मांडवाच्या कमानीला आणलेला निळा रंग घेऊन गेलाय. बघ जा.”

तो धक्क्याजवळ होडीच्या खोपटापाशी होता. भिंतीवर मागच्या वर्षीची निळी रेघ, शेजारी मोठ्या अक्षरांत ‘समुद्र येथे होता’ आणि त्याखाली ‘३९०० वर्षे’. जुनी रेघ आणि वर्षं त्याने पत्र्याने खरवडून काढली होती आणि सुताराची पट्टी भिंतीला लावून त्या ओरखड्यांपासून खाली माप घेत होता.

“अठ्ठ्याण्णव खाली ना?” तो वळून न बघता म्हणाला. “दोन मीटर दहामधून एक मीटर बारा गेले.”

“अठ्ठ्याण्णव. बरोबर.”

“नीट सांग हां. परत खरवडायला लावशील.”

“बोटं कापून घेऊन मोजलंय, मामा.”

त्याने पट्टीच्या कडेने सावकाश रेघ ओढली. मागे सरून तिरक्या डोळ्याने बघितली, एका टोकाला ओघळ आला होता तो अंगठ्याने पुसला. मग ब्रश डब्यात बुडवून रेघेशेजारी वर्षं लिहायला हात उचलला.

“ते नको लिहूस,” व्हॅलेन्सिया म्हणाली. “ते अजून यायचंय.”

“मग नुसती रेघ? लोक विचारतील ना, कधीची?”

“विचारू देत. दोन महिन्यांनी लिही.”

मामाने भिंतीकडे पाहिलं. मग ब्रशच्या मागच्या टोकाने रेघेशेजारी एक वीतभर चौकोन आखला, आत काही न लिहिता, आणि डब्यावर झाकण ठोकलं.

“चल,” तो म्हणाला. “पाचला बँड येणार. फादर पण येतील. त्यांना आधी इथे आणायला हवं.”